मायचा हात आणि वायपरची मोटर

अंबाजोगाईच्या एका दवाखान्यात व्यायाम शिकवणाऱ्या बाई होत्या. मायच्या उजव्या हातात आज जी काही हालचाल आहे ती त्यांच्यामुळं, हे आधी सांगतो. माझं शहाणपण नंतर.

सातवीतून शाळा सोडून मी पुण्याला कारखान्यात लागलो होतो. तिथं तेव्हा बाहेरदेशचे रोबो आले होते. माणूस लांब उभा आणि लोखंडी हात वेल्डिंग करतोय! मायच्या अंगावरून वारं गेल्याचं कळलं आणि माझ्या डोक्यात तेच बसलं. पंधरा दिवसांची रजा काढली, जीपच्या वायपरची मोटर नि चार पट्ट्या घेऊन आलो आणि दवाखान्यातच यंत्र जुळवलं. त्यात हात बांधला की कोपरापासून सावकाश वर-खाली व्हायचा.

माय सलाईन लावल्यासारखी डोळे मिटून पडून राही. "चालू दी लेकरा, लई बरं वाटतंय." आठ दिवस गेले, बोटसुद्धा हललं नाही.

बाईंनी पाहिलं. मला वाटलं, आता हाकलतात. पण त्या म्हणाल्या, "व्यायाम कोण करतंय? आई का मोटर?" मग मनगटाच्या वर एक बटण बसवायला लावलं. मायनं आधी हात जरासा उचलून ते दाबायचं, तरच मोटर पुढचं काम करणार.

माय उचलेचना. "मला जमलं असतं तर हे धूड कशापायी आणलं असतं तू?"

"माय, रजा संपत आली माझी!" मी ओरडलो.

"मग जा की. मी धरून ठिवलंय व्हय? धरायला हात तरी हाय का?"

रोज हेच. मी चिडायचो, मग बाहेर व्हरांड्यात जाऊन स्वतःवरच चिडायचो.

शेवटच्या दिवशी मायचा हात यंत्रात बांधलेला असतानाच थोरले चुलते भेटायला आले. मायच्या डोक्यावरचा पदर घसरलेला. बहीण नेहमीप्रमाणं सावरायला धावली, तर बाईंनी तिला अडवलं. मायचा डावा हातही आपल्या हातात धरून ठेवला. थोरल्या दिरासमोर बोडक्या डोक्यानं माय! तिनं बाईंकडं असं काही पाहिलं की मीच मान खाली घातली.

तेवढ्यात मोटर घरघरली.

हात छातीपर्यंत आला आणि पडला. पदरापर्यंत पोचला नाही. चुलत्यांनी बिचाऱ्यांनी आधीच पाठ फिरवली होती.

"आता तरी सोडा वो बाई," माय म्हणाली.

त्याच संध्याकाळी मला पुण्याची गाडी धरावी लागली. पुढचे कित्येक महिने बाईंनीच मायला रोज तो हात उचलायला लावला. मी फक्त पत्रांची वाट बघत बसलो. यंत्र तर पंधरवड्यातच मोडलं म्हणे. बाई, एक दिवस न मोडणारं, धड यंत्र माझ्या हातानं करून तुमच्या खोलीत आणून ठेवीन. हा शब्द आहे माझा.