व्हय म्हणायचं नाही

बायको जाऊन आता वर्ष व्हायला आलं. मी चौथी शिकलेला माणूस. कागदावर 'होतं' लिहितो, तोंडातून मात्र 'व्हतं'च येतं. लोणीच्या शिवारात सगळे असंच बोलतात. त्यात काही वाईट आहे असं मला कधी कुणी सांगितलं नव्हतं. नातीच्या नोकरीपायी ते कळलं.

नात पदवीधर झाली. मंचरला एका ऑफिसात पोरी बसवून शेतकऱ्यांचे फोन घेतात. ठिबकची नळी फुटली, बियाणं उगवलं नाही, असल्या तक्रारी ऐकायच्या आणि वर गोड बोलायचं. तिनं अर्ज केला होता. त्यांनी कळवलं, आधी फोनवर परीक्षा घेऊ, मराठी चांगली पाहिजे.

पोराचं, म्हणजे तिच्या बापाचं, म्हणणं सरळ होतं. "लागली तर दोन वरसं कुनाला दारात उभं करत न्हाई. न्हाई लागली तर दिवाळी झाली की पावणं येतील बघायला. मग तोंड पाडायचं न्हाई."

पोरगी उठून माझ्याकडं आली आणि म्हणाली, "आबा, तुमी गिऱ्हाईक व्हा."

झालो. मी ओट्यावर बसायचं आणि तक्रार सांगायची. तिच्या तोंडून गावाकडचा शब्द आला की काठीनं तांब्या वाजवायचा.

"नमस्कार, मी आपली काय मदत करू शकते?"

"माझी नळी उंदरानं खाल्ली."

"व्हय का? कवा खाल्ली?"

मी आपला पुढची तक्रार शोधत बसलो. ती कपाळाला हात लावून म्हणाली, "आबा, वाजवा की!"

"का? काय चुकलं?"

"मी 'व्हय' म्हनले. 'हो' म्हनायचं."

मला चूक ऐकूच येईना. मी म्हटलं, "फोन करनारा शेतकरीच ना? तो 'व्हय'च म्हननार. मग तुला काय धाड भरली?"

"त्यांनी म्हनलेलं चालतं आबा. आपन म्हनलेलं चालत न्हाई."

त्या 'न्हाई'वर मात्र मी तांब्या वाजवला. ती हसली. मला हसू आलं नाही.

त्याचं कारण सांगतो. आम्हा नवराबायकोत नाव घ्यायची रीत नव्हती. मी कुठूनही "अगं ए" म्हणायचो आणि ती असेल तिथून "व्हऽय" करायची, शेवटाला आवाज वर नेऊन. तिचं माहेर येडगावचं, तो हेल तिकडचा. त्या एका व्हयवरून मला कळायचं, हात पिठात आहेत का, राग आलाय का, अंगात कणकण आहे का. आजारपणात तिनं खाणं सोडलं, डोळे उघडेना झाली, तरी "अगं ए" म्हटलं की आतून बारीक "व्हय" यायचं. एका सकाळी आलं नाही.

नात लहानपणापासून तिच्याच कुशीत झोपलेली. तिचं व्हय अगदी तेच, वर जाणारं. बायको गेल्यावर मी उगीच पाणी मागायचो. "अगं ए, पाणी आन." "व्हऽय आबा." तहान नसायची. ती आत गेली की पाणी मेंढीपुढं ओतायचो. आणि आता त्याच शब्दावर मी तांब्या बडवायचा.

परीक्षेचा फोन आला तेव्हा ती स्लॅबवर होती, कारण आमच्याकडं रेंज तिथंच मिळते. सुनेनं कुत्रं बांधलं, मला दम दिला, "मामा, आता आवाज काडू नका." मी गपगुमान वाघरीपाशी बसलो. वाघर म्हणजे मेंढरांभोवतीची जाळी. माझ्या बापाच्या वेळेला मोठा कळप होता, आता तीन मेंढ्या राहिल्यात. त्यातली एक जाळीखालून निघाली आणि थेट कांद्याच्या रोपात. माझ्या गुडघ्याला पळणं होत नाही. असल्या वेळेला जन्मभर जे केलं तेच तोंडातून गेलं.

"अगं ए!"

आणि स्लॅबवरून खणखणीत आलं, "व्हऽय!"

क्षणभर मला सगळं जागच्या जागी वाटलं. मग वर सगळं चिडीचूप झालं, आणि मला समजलं की मी काय करून बसलो.

ती खाली आली, पायरीवर बसली. "आबा, आज्जीला हाक मारली का मला?"

"तोंडातनं गेलं."

"माज्याबी तोंडातनं गेलं." ओढणीनं नाक पुसून म्हणाली, "बाई हसली. म्हनली, आवाज छान आहे, भाषेवर मेहनत घ्या. पुढच्या आठवड्यात परत फोन करते. शेवटचा."

संध्याकाळी पोरानं विचारलं, "आबा, मेंढी तरी निघाली का रोपातनं?" मी काठी उचलून वाघरीकडं गेलो.

सकाळी चहाला सगळे बसले असताना मी सांगितलं, "आजपासनं या घरात 'हो' आन 'नाही'. मीबी तसंच बोलनार."

पोरगा चहा सांडेपर्यंत हसला. "आबा, मामलेदार व्हायचं का आता?"

"तू तुझं बघ," मी म्हटलं. पोरीच्या कानावर दिवसभर जे पडेल तेच तिच्या जिभेवर बसणार, एवढं मला कळत होतं. मग तांब्या तिच्याकडं गेला, आणि ती माझ्या चुकांवर वाजवायला लागली. सारखा वाजायचा. आणि मी तिला दिवसभर हाका मारायला लागलो. वाघरीतून, बांधावरून, न्हाणीतून, "अगं ए!" पहिल्यांदा "व्ह..." यायचं, अडायचं, मग "हो." पुन्हा हाक. पुन्हा "व्ह... हो." ज्या हाकेनं तो शब्द घरात इतकी वर्षं वाजत होता, त्याच हाकेनं मी तो घासून काढत होतो. हळूहळू ते 'व्ह' बारीक झालं, मग राहिलंच नाही. आवाज वर जायचाही थांबला.

दुसऱ्या फोनाच्या दिवशी मी मेंढ्या घेऊन लांब पाटापर्यंत गेलो. परत आलो तर ती दारातच उभी. "लागली आबा! सोमवारपासून."

"लई बेस झालं," मी म्हणालो. तिनं तांब्या वाजवला नाही.

सोमवारी नवा ड्रेस घालून, डबा घेऊन ती एसटीसाठी निघाली. पोरगा फाट्यापर्यंत गाडीवर सोडणार होता. तो गाडीला किक मारत होता तेवढ्यात मी वाघरीतून हाक मारली. काम काही नव्हतं.

"अगं ए!"

"हो, आबा?"

स्वच्छ, सपाट. रेडिओवरच्या बाईसारखं. चुकायला काही जागाच नव्हती त्यात. ती मागं वळून थांबली होती, गाडी सुरू झाली होती, पोरगा घड्याळ बघत होता.

"काही नाही," मी म्हणालो. "ये जाऊन."

'नाही'च म्हणालो. पोरानंसुद्धा चमकून माझ्याकडं बघितलं.