भुवईतली खाच

फोटो स्टुडिओत सगळे त्यांना इस्त्रीकाका म्हणत. कपड्यांशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता. ते माणसांच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या काढत.

काम मागच्या खोलीत चाले. तिरपं टेबल, त्यात दुधी काच, काचेखाली दिवा, काचेवर मोठी निगेटिव्ह. तिच्यात केस पांढरे आणि गाल काळे. सुरकुती टोकदार पेन्सिलीने भरायची. नको असलेला काळा डाग ब्लेडने खरवडायचा, अगदी हलक्या हाताने. हे सगळं निगेटिव्हच्या ज्या बाजूला रासायनिक मसाल्याचा थर असतो, त्या बाजूवर करावं लागे, म्हणून चेहरा आरशातल्यासारखा दिसे. डावं उजवीकडे, उजवं डावीकडे. काकांना त्याचं काही वाटत नसे. दिवसभर ते तसेच चेहरे पाहत.

बायकोचा चेहराही त्यांनी पहिल्यांदा नीट पाहिला तो त्याच काचेवर. नोकरीच्या अर्जासाठी ती फोटो काढायला आली होती. लहानपणी झोक्यावरून पडून तिच्या एका भुवईत खाच पडली होती. तिथे केस उगवत नसत. काकांनी खाच खरवडली, भुवई सलग केली.

फोटो न्यायला आली तेव्हा ती बराच वेळ बघत राहिली.

"ही कोण?"

"तुम्हीच."

"मग माझी खाच कुठे गेली?"

"काढून टाकली. दुखलं नाही ना?"

ती इतकी हसली की मालक आतून बघायला आला. पुढच्या वर्षी त्यांचं लग्न झालं.

लग्नाच्या फोटोतली खाच काकांनी काढली. मुलगी मांडीवर असतानाच्या फोटोतली काढली. ओळखपत्राच्या फोटोतलीसुद्धा. कुणी सांगितलं नव्हतं. जीव होता तिच्यावर, आणि हातात तेवढीच कला होती.

"भिंतीवर माझी सवत टांगून ठेवलीय," ती म्हणायची. "चहाही तिलाच मागा आता."

"मागितला होता. ती ढिम्म हलत नाही."

"मग गुणांनी अगदी तुमच्यावर गेलीय."

पुढे निगेटिव्ह गेली आणि संगणक आला. माऊस काकांच्या हाताला वळेना, पण ते हटून बसले आणि शिकले. ज्या खाचेवर अर्धी सकाळ जायची ती आता बोट टेकवताच नाहीशी होई. मग फोन आले. स्टुडिओला टाळं लागलं. मुलीच्या फोनमध्ये चेहरे आपोआप गुळगुळीत होत.

"बघ, न सांगता करतो!" काका कौतुकाने म्हणाले. "माझाच चेला."

"मग तुमच्या चेल्याला सांगा," बायको म्हणाली, "मला आहे तशी राहू दे."

तेव्हा सगळे हसले. ती हसली नव्हती, हे काकांना पुष्कळ उशिरा आठवलं.

थंडीत ती आजारी पडली आणि पाहता पाहता गेली.

काही आठवड्यांनी मुलगी आली. "बाबा, बसा. एक दाखवायचंय. घाबरू नका हं."

तिने फोन समोर धरला. पडद्यावर आई होती. आईने मान वळवली, पापणी लवली, ती हसली. मुलीने घरातले सगळे फोटो फोनला दिले होते. त्यातून फोनने ही हलती आई बनवली होती.

काका बघत राहिले. मग म्हणाले, "ही ती नव्हे."

"बाबा..."

"खाच कुठाय?"

मुलीने फोन खाली घेतला. "आपण देऊ तेवढंच ते शिकतं, बाबा. आपल्याकडच्या एकाही फोटोत खाच नाही."

तिच्या आवाजात दोष नव्हता. असता तर काकांना बरं वाटलं असतं.

ते उठले. कपाटातून निगेटिव्हची पाकिटं काढली आणि खिडकीच्या उजेडात एकेक धरू लागले. एखादी तरी सुटली असेल. एखाद्या दिवशी कंटाळा केला असेल. पेन्सिलीचं काम असतं तर कापसाने पुसता आलं असतं. खरवडलेलं परत येत नाही. त्यांनी शेवटचं पाकीट रिकामं केलं. एकही सुटली नव्हती. इतकं सफाईचं काम त्यांनी दुसऱ्या कुणाच्या चेहऱ्यावर केलं नव्हतं.

"असू दे, बाबा," मुलगी म्हणाली.

"थांब. मी काढली, मीच घालतो."

त्यांनी तिचा मोठा फोटो टेबलावर घेतला. कातडीचा रंग कालवला, बारीक ब्रशचं टोक ओलं केलं. हात फोटोवर आला आणि तिथेच थांबला.

कुठली भुवई?

त्यांनी डोळे मिटले. काच दिसली, दिवा दिसला, ब्लेडखालची ती खाच अगदी लख्ख दिसली. पण तो उलटा चेहरा होता. मग त्यांनी सुलटा चेहरा आठवायचा प्रयत्न केला. दारात उभी असलेली, ताटावर वाकलेली, उशीवर डोकं टेकलेली. सगळीकडे ती होती आणि सगळीकडे तिची भुवई सलग होती.

"उजवी ना गं?" त्यांनी हळूच विचारलं.

"डावी, बाबा."

"नक्की? आरशातली नाही ना सांगत?"

"लहानपणी मी त्या खाचेत बोट ठेवून झोपायचे. हे बोट. डावीच."

काकांनी मान खाली घातली. डाव्या भुवईत ब्रश टेकवला. दोन-तीन फटकारे. हात काही विसरला नव्हता.

मुलीने फोटो खिडकीपाशी नेला. "आई," ती म्हणाली आणि मटकन खाली बसली. आई गेल्यापासून ती अशी रडली नव्हती.

काका तिच्या मागे उभे राहिले. फोटोकडे बघत राहिले. आता आपल्याही काळजात काही हलेल, म्हणून वाट पाहिली. समोर एक प्रेमळ, वयस्क बाई होती. डाव्या भुवईत खाच असलेली. कधीतरी कुठेतरी भेटल्यासारखी.

"अगदी आई. हो ना, बाबा?"

"अगदी."

"इथे लावू या?"

"नको," ते घाईने म्हणाले. "तू ने. तुझ्याकडे असू दे."

मुलीला वाटलं, बाबांना आईचा खरा चेहरा बघवत नाही. तिने त्यांना जवळ घेतलं, पाठीवरून हात फिरवला. काकांनी तिला तसंच वाटू दिलं.