उत्तराचं अर्धं कार्ड

लक्षद्वीपच्या बोटीवर मी उलट्यांनी बेजार झालो, तेव्हा सांगलीकडचा एक हळदीचा व्यापारी माझं कपाळ धरून बसला. “आवं, आवळकाठी चघळा, लय बरं वाटंल.” दिवस मावळायच्या आत जेवणारा हा जैन माणूस त्या दिवशी माझ्यापायी उपाशी राहिला. उतरताना म्हणाला, “पत्र टाका बरं का, न्हाईतर वळख ऱ्हात न्हाई.”

दर संक्रांतीला साताऱ्याला माझ्या घरी पाकिटातून त्याचा हलवा यायचा आणि सोबत जोडकार्ड. उत्तराच्या अर्ध्या कार्डावर त्याचा पत्ता त्यानेच लिहिलेला असायचा. ‘उद्या लिहू’ म्हणत मी पाच संक्रांती घालवल्या.

सहाव्या वर्षी त्याने माझं उत्तरही लिहून धाडलं : ‘आम्ही सर्व खुशाल आहोत.’ खाली सहीपुरती जागा.

हलवा आम्ही खाल्ला. कार्ड अजून खणातच आहे.