पातेलं बसेल तीच गाडी

मंडळी, आज गाडी बघायला जाताना मी इथल्या मराठी मंडळाचं मसालेभाताचं पातेलं सोबत नेलं. नवरा लाजून चार पावलं पुढे चालत होता.

हे पातेलं इथे कॅनडात, ग्वेल्फमध्ये, आमच्याच बेसमेंटमध्ये असतं. मागच्या हिवाळ्यात जुनी गाडी चढावर घसरली, तेव्हा ते मागच्या सीटवर लेकीच्या शेजारी होतं, गरम भातासकट. कुणाला काही झालं नाही, पण मी धसकाच घेतला.

नवऱ्याला आवडलेल्या गाडीत पातेलं ठेवलं, तर मागचं दार लागेचना.

"मॉम, धिस इज सो एम्बॅरसिंग," लेक पुटपुटली.

दुसरी जरा उंच, ऑल-व्हील ड्राइव्ह. तिच्यात पातेलं बसलं, वर सतरंज्यांनाही जागा उरली. सेल्समन पंजाबी, आमच्याच वयाचा. त्याला म्हटलं, टेस्ट ड्राइव्ह त्याच चढावर. विंटर टायर्स होते, गाडी बर्फातून मुकाट्यानं वर गेली. हीच घ्यायची, ठरलं! फॉर्मवर नाव-पत्ता लिहून दिला.

घरी आलो आणि आठवलं, पातेलं त्या गाडीतच राहिलं. उद्या संक्रांतीचा कार्यक्रम, साठ माणसं जेवायला! शोरूमचा नंबर शोधला. फोन लावणार तेवढ्यात बेल वाजली. दारात सेल्समन, हातात पातेलं, पातेल्यात डोनट्सचा डबा.

"भाभीजी, बर्तन खाली नहीं लौटाते. माँ डाँटेगी."

गाडी घेताना तुम्ही काय बसवून बघितलंत, सांगा. उद्याच्या भाताचा पहिला डबा मात्र शोरूमला जातोय.