सनमायकावाले शेठ

खारघरला आमच्या सोसायटीखाली शेठचं सनमायकाचं दुकान आहे. लाकूड दिसलं की ते बोटाने टकटक करतात आणि म्हणतात, "छान हाय, पन वरून सनमायका पायजे." आमच्या आईच्या देव्हाऱ्यालाही त्यांनी सोडलं नाही.

एका रविवारी ते मला उरणकडच्या आपल्या गावी घेऊन गेले, शेकडो वर्षांची लाकडी मशीद दाखवायला. पिढ्यान्‌पिढ्यांचे हात लागून सागवानी खांब काळे, गुळगुळीत झाले होते. शेठनी टकटक केली नाही. नुसते बघत उभे राहिले.

तेवढ्यात त्यांचे म्हातारे मामू आले. "बरा झाला आलास. या खांबांना तुजा सनमायका लाव. पुसायला सोपा."

शेठनी खांबावर तळहात ठेवला. "मामू, बाहेर चला, सांगतो."

अंगणात त्यांनी सावकाश चपला घातल्या आणि तोंड पाडून म्हणाले, "माल संपलाय मामू. आता येनारच नाय."

मामू हळहळत गेले. शेठचं गोदाम छतापर्यंत भरलेलं मी कालच पाहिलं होतं. हसू दाबत विचारलं, "हे आतच का नाही सांगितलं?"

शेठ दचकले. "आत? आत खोटं कसं बोलनार?"