ग्रेस मिसच्या पियानोतले अकरा हॅमर

"काका, मधले सूर कानाला लागतायत," केतकी हेडफोन मानेवर सरकवत म्हणाली. "वरचे छान, खालचे छान. हे मधलेच जरा काचेसारखे वाजतायत. सॉफ्ट होतील का?"

"होतील की," मी म्हणालो.

दुपारचे अडीच वाजले होते. जागा बंगळुरात, जयनगरमधल्या एका जुन्या घराचा हॉल. केतकी पुण्याची, लोकांना ताण घालवायला मदत करणारं ॲप बनवणाऱ्या कंपनीत ऑडिओ प्रोड्यूसर. ऑफिसातून घरी आलेल्या माणसाने आडवं व्हावं, डोळे मिटावेत आणि तासभर संथ क्लासिकल पियानो ऐकत सैल व्हावं, असा तिचा अल्बम होता. त्यात एकही सूर दचकवणारा चालणार नव्हता.

मी पियानो ट्यूनर. मूळचा निपाणीचा, बंगळुरात सत्तावीस वर्षं झाली. गावाकडे अजून सांगतात, सदाशिव पेट्या दुरुस्त करतो. मी आता समजावणं सोडून दिलंय.

वाजवणार होत्या ग्रेस मिस. वय अठ्ठ्याहत्तर. आयुष्यभर शाळेत पियानो शिकवला, चर्चमध्ये दर रविवारी गाणाऱ्यांना साथ केली. स्वतःच्या नावाचं रेकॉर्डिंग एकही नाही. केतकीच्या ऑफिसातली एक मुलगी त्यांची विद्यार्थिनी, तिने नाव सुचवलं. घर विकलं गेलं होतं, मिस भाचीकडे मंगळुरूला जाणार होत्या. पियानो त्यांनी शाळेला भेट दिला होता. उद्या सकाळी सहाला, गल्लीत रिक्षा सुरू व्हायच्या आत, रेकॉर्डिंग. परवा पियानो न्यायला ट्रक. म्हणजे हा पियानो आणि हे हात एकत्र ऐकायला मिळण्याची ही एकच सकाळ होती.

आता मी काय केलं ते सांगतो. पियानोची पट्टी दाबली की आत लाकडाचा छोटा हातोडा तारेवर आपटतो. त्याला हॅमर म्हणतात. त्याच्या तोंडावर लोकरीचं जाड फेल्ट असतं. वर्षानुवर्षं आपटून फेल्ट कडक होतं आणि सूर तीक्ष्ण होतो. मग आम्ही तीन सुयांचं हत्यार घेऊन फेल्ट टोचून सैल करतो. ह्याला व्हॉइसिंग म्हणतात. नियम साधा आहे. टोचायचं ते हॅमरच्या खांद्यांना, म्हणजे टोकाच्या दोन्ही बाजूंना. तारेला लागतो त्या टोकाला खोल सुई घालायची नाही. दोनदा टोचायचं, वाजवून ऐकायचं, मग पुढे. काढलेला कडकपणा परत घालता येत नाही.

मला पाच वाजता येलहंकाला दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे पोहोचायचं होतं. शहराच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला. मी ऐकत बसलो नाही. खांद्यांवर फरक पडेना म्हणून थेट टोकाला टोचलं, खोल, एकापाठोपाठ एक अकरा हॅमर. मग पट्ट्या वाजवून बघितल्या.

सूर गेला होता. उशीवर बुक्की मारल्यासारखा आवाज येत होता. मधले अकरा सलग सूर, जिथे बहुतेक धून फिरते तिथलेच.

पिशवीत लॅकरची बाटली होती. ते पातळ करून लावलं तर फेल्ट थोडं कडक होतं, पण सूर पत्र्यासारखा होण्याची भीती, आणि वाळून बसायला रात्र पुरेल याची खात्री नाही. मी बाटली काढली आणि परत ठेवली.

"झालं काका?" केतकीने विचारलं.

"सॉफ्ट केलंय. जुना पियानो आहे, दमट हवेने फेल्ट थोडं बसलंय. उद्यापर्यंत उघडेल."

ते उघडणार नव्हतं. हे मला बोलतानाच माहीत होतं.

मिस आतून चहा घेऊन आल्या. स्टुलावर बसल्या आणि एक स्केल वाजवली, म्हणजे खालून वर ओळीने सगळे सूर. मध्यावर आल्यावर बोटं थबकली. त्या अकरा पट्ट्या त्यांनी एकेक करून पुन्हा दाबल्या. माझ्याकडे बघितलं नाही.

"दमट हवा," मी म्हणालो.

"सरी, ठीक आहे," मिस म्हणाल्या. मग केतकीला, "अम्मा, मला आज संध्याकाळी स्वल्प प्रॅक्टिस करू दे. आणि सदाशिव, उद्या पाचला ये. पहाटेच्या गारव्यात तारांचे सूर हलतात."

येलहंकाला जाताना मी वाटभर ठरवत होतो, फोन करून सांगू. केला नाही.

सकाळी पाचला गेलो, ट्यूनिंग तपासलं. सहाला मिस बसल्या. पहिला तुकडा नॉक्टर्न होता, युरोपातला रात्रीच्या शांततेवरचा संथ प्रकार. आदल्या दिवशी त्यांनी तो माइक लावताना वाजवला होता, म्हणून मला माहीत होतं की त्याची धून नेमकी माझ्या अकरा सुरांत आहे. मी भिंतीला टेकून उभा राहिलो.

धून आली ती वरून, मोकळ्या, स्वच्छ सुरांतून. मला क्षणभर कळेना. मग डोक्यात प्रकाश पडला. मिसनी अख्ख्या तुकड्याची पट्टी आठ सूर वर नेली होती. धून मेलेल्या सुरांच्या बाहेर काढली होती आणि डाव्या हाताची साथ त्यांच्यात आणून बसवली होती. तिथे त्या बोथट आवाजाचं ओझं होत नव्हतं. धुनेखाली मऊ गादी घातल्यासारखं वाटत होतं. जिथे धुनेला खाली उतरणं भागच होतं, तिथे त्या पट्टी आपटत नव्हत्या, तळापर्यंत दाबत नेत होत्या आणि पुढच्या सुराला थोडं उशिरा बोलावत होत्या. पाचपैकी तीन तुकडे त्यांनी असे वाजवले. समोर कागद नव्हता.

मी सत्तावीस वर्षं पियानोवाल्यांना ऐकतोय. असं काम पाहिलं नव्हतं.

मध्ये केतकीने विचारलं, "मिस, कालच्यापेक्षा वरच्या पट्टीत घेतलंत का?"

"हो. चर्चमध्ये कुणाचा ना कुणाचा घसा बसलेलाच असायचा. ऐनवेळी पट्टी बदलायची सवय आहे."

"मॅजिक आहे हे! काका, तुमचं व्हॉइसिंगपण कसलं भारी झालंय."

मी मान हलवली. होय अशीही नाही आणि नाही अशीही नाही.

अल्बम लोकांना आवडला. माझ्या बायकोनेही फोनवर उतरवून घेतला. संध्याकाळी स्वयंपाक आटोपला की ती लावते आणि दहा मिनिटांत सोफ्यावर घोरते. मी तेवढा वेळ गच्चीत झाडांना पाणी घालतो. एकदा म्हणाली, "अहो, किती पाणी घालता? मरतील की ती."

पियानो शाळेत गेल्यावर मी स्वतःहून जाऊन अकरा हॅमर नवे बसवले. पैसे घेतले नाहीत. प्रिन्सिपलनी प्रार्थनेच्या वेळी मुलांसमोर मला शाल घातली. ती शाल मी कपाटाच्या वरच्या फळीवर टाकली आहे.

वर्षभराने मी मंगळुरूला फोन लावला. मिसच्या आवाजात थकवा होता, पण ओळखलं लगेच. मी एका दमात सगळं सांगितलं. सुया, टोक, घाई, खोटं.

"मला पहिल्या स्केललाच कळलं," त्या म्हणाल्या. "दमट हवा अकरा सुरांना ओळीने निवडून लागत नाही."

"मग बोलला का नाहीत, मिस?"

"बोलले असते तर त्या पोरीने तुला घालवून दिलं असतं. मग सकाळी पाचला तारा कुणी लावल्या असत्या?"

त्याच पुढे म्हणाल्या, "पण तू सांगितलं असतंस तर नुसते अकरा सूर टाळले असते. मी संध्याकाळभर बाकीचे सत्याहत्तरही तपासत बसले. आणखी कुठे हात मारलायस ते मला काय माहीत? बोटं दुखत होती रे माझी."

हे मला कधी सुचलंच नव्हतं. वर्षभर मी स्वतःच्या अपराधाला कुरवाळत होतो, पण माझ्या गप्प बसण्याने त्या संध्याकाळी एका म्हातारीची बोटं दुखली, एवढी साधी गोष्ट डोक्यात आली नव्हती.

"आता त्या पोरीलाही सांग," म्हणाल्या आणि फोन ठेवला.

केतकीला सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे ते इतकं छान आलं, ते तुमच्या चुकीमुळे?"

"नाही," मी म्हणालो. "माझ्या चुकीमुळे ते बिघडलं होतं. छान आलं ते मिसमुळे."

त्यानंतर त्या कंपनीचं काम मला आलं नाही. तिच्या जागी मीही बोलावलं नसतं.

आमच्या धंद्यात हल्ली नवीन मुलं शिकायला येतात. सुई टोकाला लावू नका, हे मी त्यांना सांगतोच. पण ते कुठल्याही पुस्तकात असतं. लावलीच, तर कुठल्या कुठल्या हॅमरला लावली याची यादी वाजवणाऱ्याच्या हातात द्या आणि मग काय शिव्या खायच्या त्या खा.