मालकाच्या खुर्चीतला माणूस

ओसागी इदेमुदियाचा हात तोंडाच्या आधी चालायचा. लागोसच्या मुशिन भागात त्याचं व्हिडिओ गेम खेळायचं दुकान होतं आणि तरुणपणी तो पैजेवर ठोसेबाजी करायचा. दुकानात दोन पोरं भांडली की तो दोघांची मानगूट धरून टाळकी एकमेकांवर आपटायचा, आणि तोच त्याचा न्याय. गल्ली त्याला टरकून होती. त्याला तो मान वाटायचा. लोक घाबरतात आणि लोक मान देतात, यातला फरक या बाबाला कधी कळलाच नाही.

हात उगारला नव्हता तो फक्त मुलीवर, इतोहानवर. ती एकोणीस वर्षांची होती आणि गोळीबाराच्या खेळात भल्याभल्यांना पाणी पाजायची. एका मोठ्या स्पर्धेत तिची निवड झाली होती, पण खेळायचं होतं ते स्वतःच्या कम्प्युटरवर, आणि बापाच्या दुकानातली जुनी खोकी त्या कामाची नव्हती. मनासारखा कम्प्युटर जुळवून घ्यायला हवा होता. खिसा बापाचा, म्हणून बाजारात जायचा हट्टही बापाचाच. तिनं बजावून सांगितलं होतं, दुकान कुणाचं आहे ते शेजारपाजारी विचारा आणि समोर तासभर खेळ चालवून बघितल्याशिवाय पैसे सोडू नका. ओसागी हसला. म्हणाला, एवढ्या लोकांना बदडलंय मी, माणूस डोळ्यांत बघून ओळखतो.

इकेजाच्या कम्प्युटर बाजारात पाऊल टाकताच सिकिरू नावाच्या दलालानं त्याची बाही धरली. वाटेत दुसऱ्या एका दलालानं गिऱ्हाईक पळवायचा प्रयत्न केला, तर सिकिरूनं त्याच्या पोटात कोपर घातलं. ओसागीला माणूस तिथंच आवडला. सिकिरूनं त्याला एका अरुंद दुकानात नेलं, स्वतः मालकाच्या खुर्चीत बसला आणि थेट डोळ्यांत बघून बोलू लागला. कोपऱ्यात एक किडकिडीत माणूस खाली मान घालून भाग जोडत होता. प्रत्येक स्क्रू पिळला की तो त्यावर बायकांच्या लाल नेलपॉलिशचा ठिपका द्यायचा. ओसागीला तो प्रकार बायकी वाटला. त्याच्याकडे त्यानं पुन्हा बघितलंही नाही.

त्या गल्लीचा एक रिवाज आहे. गिऱ्हाईक ज्यानं ओढून आणलं, तो सौदा होईपर्यंत खुर्चीत बसतो आणि खरा मालक गड्यासारखा बाजूला उभा राहतो. मालकानं तोंड उघडलं तर दलालाची कमाई बुडते आणि पुढचं गिऱ्हाईक तो दुसऱ्या दारात नेतो. तो किडकिडीत माणूस, चिबुंदू ओक्वारा, त्या दुकानाचा मालक होता. बोलला नाही, कारण बोलायची पद्धत नव्हती.

कम्प्युटर तयार झाला तेव्हा वीज गेलेली होती. सिकिरू म्हणाला, घरी लावून बघा साहेब, मी कुठं पळून चाललोय? खोकं नीट बांधून आणतो म्हणून तो ते घेऊन मागच्या गल्लीत गेला आणि बऱ्याच वेळानं परत आला. ओसागीनं पैसे मोजले, वर त्याला बक्षिसी दिली.

घरी थोडा वेळ चालवला तेव्हा काही बिघडलं नाही, पण स्पर्धेच्या दिवशी पहिल्याच डावात पडदा हिरवा पडला, मग खोक्यातून जळका वास आला आणि सगळं बंद. इतोहान बाद झाली. ती रडली नाही की बापाला बोलली नाही. नुसती कानावरचे हेडफोन काढून बसून राहिली. तिनं चार शिव्या दिल्या असत्या तरी बरं झालं असतं. ओसागीनं खोकं उचललं आणि तडक इकेजा गाठलं.

खुर्चीत आता चिबुंदू बसला होता. चोराचा गडीही चोरच, ओसागीचा हिशेब सोपा होता. दाराशीच्या काउंटरवर खोकं ठेवून त्यानं विचारलं, सिकिरू कुठाय. चिबुंदू म्हणाला, "तो इथला नाही. दुकान माझं आहे. बसा, मी बघतो काय झालंय ते."

"तुझं दुकान? परवा गड्यासारखा उभा होतास आणि आज मालक झालास?"

उत्तराची वाट न बघता त्यानं ठोसा मारला. जबड्याचं हाड मोडल्याचा आवाज त्यानं ऐकला, तो त्याच्या ओळखीचा होता. चिबुंदू काउंटरवरून पलीकडे कोसळला. ओसागीनं त्याला कॉलर धरून रस्त्यात फरफटत आणलं आणि छाती फुटेस्तोवर ओरडला, "चोर!"

एवढं पुरे होतं. त्या बाजारात चोर म्हटल्यावर कोण, कशाचा, हे कुणी विचारत नाही. केबलचे पट्टे आले, लोखंडी नळ्या आल्या, जनरेटरवाल्यानं पान्हा आणला. ज्यांचं आजवर काहीच चोरीला गेलं नव्हतं ते सगळ्यांत जोरात मारत होते. कुणीतरी चिबुंदूच्या उजव्या हातावर टाच रोवून उभा राहिला. कुणीतरी त्याला जिवंत जाळायला टायर घरंगळत आणत होता.

धक्काबुक्कीत काउंटरवरचं खोकं ओसागीच्या पायाशी आदळलं आणि त्याची बाजू उघडली. आत सगळ्या स्क्रूंवर लाल ठिपके शाबूत होते. फक्त ग्राफिक्स कार्डाचे दोन स्क्रू उघडे होते, खरवडलेले. ते कार्डही वेगळंच होतं, जुनं, रंग मारलेलं. मागची गल्ली. सिकिरूनं तिथंच कार्ड बदललं होतं, हे ओसागीला एकदम कळलं.

"सोडा त्याला! हा नाही तो!" तो ओरडत राहिला. मघाशी त्याच्या एका शब्दावर अख्खी गल्ली धावली होती, आता कुणी वळूनही बघेना. त्यानं दोघांना ठोकून बाजूला केलं, त्यांच्या जागी चौघे आले. पेट्रोलचा वास आला तेव्हा त्यानं मारणं सोडलं आणि तो सरळ चिबुंदूच्या अंगावर पालथा पडला. मग नळ्या त्याच्या पाठीवर बसू लागल्या. एक बरगडी गेली, दुसरी गेली, कान फाटला. खालचा माणूस अजून श्वास घेतोय हे त्याला छातीशी लागत होतं, म्हणून तो हलला नाही. पोलिसांच्या गोळ्या हवेत उडाल्या तेव्हा कुठं गर्दी फुटली.

मुशिनमध्ये ओसागीचा भाव एकदम वधारला. जमावाच्या तोंडातून माणूस ओढून काढला म्हणे. तो दुकानात आला की पोरं उठून उभी राहू लागली. इतोहाननं हट्ट करून त्याला चिबुंदूला बघायला इस्पितळात नेलं, सोबत मिरचीच्या सूपचा डबा. वाटेत ती म्हणाली, "बाबा, हरल्याचं मला आता काही वाटत नाही. तुम्ही त्यांच्यावर आडवे झालात, एवढं पुरे."

चिबुंदूचा जबडा तारांनी बांधलेला होता. उजव्या हाताची तीन बोटं गेली होती. त्याची बायको ओबियागेली उठली आणि तिनं ओसागीचे दोन्ही हात कपाळाला लावले. "माझा नवरा आज आहे तो तुमच्यामुळं, दादा. तो मेला चोर चोर म्हणून ओरडला कोण, एवढं फक्त देवानं मला दाखवावं."

खाटेवरच्या माणसाला बोलता येत नव्हतं. लिहायचा हातही उरला नव्हता. तो नुसता ओसागीकडे बघत होता. इतोहानही बापाकडेच बघत होती, लहानपणी बघायची तशा कौतुकानं. ओसागी गप्प राहिला असता तर निदान त्या दिवशी कुणालाच कळलं नसतं.

"वहिनी, मी ओरडलो," तो म्हणाला. "जबडाही मीच मोडला."

ओबियागेलीला आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा तिनं त्याचे हात टाकून दिले, पायातली चप्पल काढली आणि त्याच्या तोंडावर मारली. फाटलेल्या कानावर मारली, मोडक्या बरगड्यांवर मारली, सूपचा डबा उलटा झाला. ओसागीनं हात खालीच ठेवले. इतोहान खाटेच्या पलीकडे, चिबुंदूच्या उशाशी जाऊन उभी राहिली आणि तिनं बाईला अडवलं नाही.